शिवीचं भाषांतर

गुरुवार, ५ मार्च

पिंप्राळ्याच्या चौकात वही घेतली. दुकानदार म्हणाला, "पोरांसाठी का?" म्हटलं, हो. लग्नाचा पत्ता नाही आणि पोरांसाठी वही! पण खरं सांगायची सोय नाही. कक्षातलं अवाक्षर बाहेर बोलणार नाही, अशा तीन कागदांवर सह्या ठोकल्या आहेत. माझ्या तोंडात तर तीळ भिजत नाही. कुठेतरी ओकायला हवंच, म्हणून ही वही.

तर नोंद असावी की, सहा वर्षं कॉलेजात तासावर मराठी शिकवणारा, दर जूनमध्ये 'बघू सर, कळवतो' ऐकणारा नवल आता सरकारी कक्षात बसतो. हुद्दा 'बोली सहायक', अकरा महिन्यांच्या करारावर, त्यातला हा शेवटचा महिना. दोन जिल्ह्यांतले लोक मोबाइलवर जे लिहितात, त्यातलं संशयास्पद काय ते एक यंत्र वेचून काढतं. यंत्राला मराठी समजतं, हिंदी समजतं, पण आमच्या अहिराणीपुढे त्याने हात टेकले. ज्या बोलीला शाळेत गावंढळ म्हणून हसायचे, तिनेच मला खुर्ची दिली. तीही फिरती.

काम सोपं आहे. यंत्राने वेचलेल्या मजकुराची चिठ्ठी येते, तिचं भाषांतर करायचं आणि खालच्या चौकोनात उत्तर द्यायचं: धमकी आहे का? हो किंवा नाही. 'नाही' म्हटलं की चिठ्ठी हिरवी. 'हो' म्हटलं की लाल, आणि मग लिहिणारा कोण ते शोधायला ती पलीकडच्या खोलीत जाते. तिथे आम्हाला मज्जाव. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मास्तर, शब्दशः भाषांतर. तुमचं मत नको." मत नको म्हणणारी नोकरी मला पहिल्यांदाच मिळाली. डोक्याला केवढा आराम.

नोंदवही शिल्पाताईंकडे असते. माझ्याच गल्लीच्या टोकाला राहतात, वीस वर्षं कारकुनीत काढली आहेत. वहीत सहावा रकाना आहे, 'तक्रारदार कोण'. लाल चिठ्ठी चढवताना त्या दर वेळी मोठ्याने म्हणतात, "सहावा रिकामा." सगळे आपापल्या चिठ्ठ्या लिहीत राहतात. बाजूचा एक जण म्हणाला, "ताई, 'स्वतःहून' असं लिहून टाका ना." त्या म्हणाल्या, "ज्याने तक्रार केली त्याचं नाव लिहायचा रकाना आहे हा. 'स्वतःहून' हे कोणाचं नाव आहे?" मी मनातल्या मनात त्यांचं नावच सहावा रकाना ठेवलं आहे.

रविवार, ८ मार्च

गावी जाऊन आलो. सकाळची सुरतकडे जाणारी गाडी धरली की नरडाण्याला उतरून पुढे रिक्षाने वीस मिनिटं. आई-वडील गेल्यापासून माझं घर म्हणजे कुंदाकाकूंचं घर. काका नाहीत, काकू आणि त्यांची लेक भूमिका, दोघीच.

भूमिका वनरक्षकाच्या भरतीत निवडली गेली! दोन वर्षं पहाटे नरडाण्याच्या कारखान्यांच्या रस्त्यावर पळत होती. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, ही दगड उचलायची. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली आहे. मी म्हटलं, "तुझं चारित्र्य कसलं तपासतात? उभ्या गावात तुझ्याएवढी नाकासमोर चालणारी पोरगी नाही."

पण मोबाइलचं वेड फार. जेवतानाही हातात. मला म्हणते, "भाऊ, तुले आजीना बार याद शेत का?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे बार खेळतात. नाल्याच्या अल्याड आमच्या गावच्या बाया, पल्याड दुसऱ्या गावच्या. दोन्हीकडून शिव्यांची गाणी, मधूनमधून ढेकळं. वर्षभर सासरी तोंड दाबून राहिलेल्या लेकी माहेरी येऊन त्या दिवशी मोकळ्या होतात. पुरुषांनी लांब उभं राहायचं. आमची आजी यातली महामाया. तिची शिवी नाल्यापलीकडच्या माणसाला शोधून लागायची. मी लहानपणी घाबरलो की म्हणायची, "आरे येड्या, आखाजीले जेले शिवी नही, तो आपला नही." परक्याला कोण शिवी घालत बसतो, असं तिचं गणित.

मी भूमिकाला आठवेल तेवढं म्हणून दाखवलं:

पल्याडनी पार्बती, तुनी चूलले लागो आग,
तुना धनीन्या मिशा उपटी लई जावो वाघ.

तिने मोबाइलमध्ये भरून घेतलं. काकू चुलीपाशी हसून हसून लाल झाल्या. आता आजीची गादी त्यांच्याकडे आहे, आवाज तसाच पल्लेदार.

गुरुवार, १२ मार्च

आज एक गंमत. 'झोका' नावाचं कोणाचं तरी पान आहे, त्यावर आखाजीचे बार टाकतात. खऱ्या नावाचा पत्ता नाही, फोटो फक्त निंबाला बांधलेल्या झोक्याचा. पहिलीच चिठ्ठी आली ती आजीची! पार्बती, मिशा, वाघ, सगळं अक्षर न् अक्षर. मी समजत होतो तो बार आमच्याच घरचा. सगळ्या खानदेशात म्हणतात वाटतं. आजी उगाच भाव खायची.

'नाही'वर खूण केली. साहेबांनी वाचून विचारलं, "वाघ म्हणजे कोणी पुढारी का?" म्हटलं, नाही साहेब, वाघच.

पान मोठं झकास आहे. लिहिणारी बाईच असणार आणि हुशार असणार. रोज दुपारी तिची चिठ्ठी आली की बरं वाटतं.

बुधवार, १८ मार्च

साहेब आज तापलेले. आढावा बैठकीत त्यांना विचारलं म्हणे, बाकीच्या जिल्ह्यांत इतक्या लाल, तुमच्याकडेच का नाहीत, लोक इथले संत आहेत का? आल्या आल्या आम्हाला म्हणाले, "एकतीसला करार संपतात, ते लक्षात असू द्या." माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण मी बघितलं.

दुपारी झोक्याची चिठ्ठी. या वेळी बार नवाच, कोणीतरी ताजा रचलेला:

टाकी बांधी आभायवर, मझार नही पानी,
आग लागो तुना घरले, इझाड तीच टाकी आनी!

वाचून मी खुर्चीत फिरलोच. काय रचना आहे! आमच्याही गावात अशीच टाकी उभी आहे, दोन वर्षं झाली, थेंब नाही. पण टाक्या काय, गावोगाव तशाच.

भाषांतर केलं: 'टाकी आभाळाएवढी बांधली, आत पाणी नाही. तुझ्या घराला आग लागो, तीच टाकी आणून विझव.' मराठीत आणलं की त्यातला रस निघून जातो आणि नुसती आग उरते. खाली चौकोन. थट्टा, सण, गाणं असा चौकोनच नाही, मी काय करू? घराला आग लागो, असे शब्द आहेत की नाहीत? आहेत. मत द्यायचं नाही. पाचेक मिनिटं पेन हातात धरून बसलो आणि 'हो'वर खूण केली.

साहेब म्हणाले, "अस्सं." शिल्पाताईंनी चढवली, क्रमांक ११८. म्हणाल्या, "सहावा रिकामा." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, हे आखाजीचं आहे ना?" मी म्हटलं, ताई, मी फक्त शब्दांचा माणूस.

होणार काय जास्तीत जास्त? चौकशी होईल, कोणीतरी हसेल, सोडून देतील.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. खोलीवर एकट्याने गुढी उभारली. शिल्पाताईंकडून शेवभाजीचा डबा आला. उगाच अपराधी वाटलं, का ते कळलं नाही.

मंगळवार, ३१ मार्च

करार वाढला! पुन्हा अकरा महिने. साहेब म्हणाले, "मास्तर, हाताला वळण लागलं तुमच्या." या पंधरवड्यात माझ्या एकट्याच्या चाळीसवर लाल. त्यातल्या काही पूर्वेकडच्या लेवा बोलीतल्या होत्या, मला ती अर्धीमुर्धीच समजते, पण अंदाजाने ओढलं. पेढे वाटले. शिल्पाताईंनी पेढा घेतला, कागदात गुंडाळून बाजूला ठेवला.

रविवार, ५ एप्रिल

गावी वाईट बातमी. भूमिकाची पडताळणी अडकली. शनिवारी एक पोलीस घरी येऊन गेला. काकू सांगत होत्या, "पोर काय लिखस, कोनासंगे बोलस, बठ्ठं इचारी गया. मी इचारं, पोरना गुन्हा काय? तं म्हने वरथीन शेरा शे." प्रतिकूल शेरा. तो राहिला तर नेमणूक रद्द, आणि पुढच्या भरतीला ती वयाने बाद होते.

भूमिका उठली. पळायचे बूट धुऊन छपरावर वाळत ठेवले होते, ते आत आणून ट्रंकेत ठेवले. मोबाइलही हातात नव्हता. शेवटी म्हणाली, "भाऊ, तू सायबासमा बसस. इचारी देख ना, मनी काय चूक व्हयनी?"

मी छाती ठोकून सांगितलं, दोन दिवसांत छडा लावतो. आतल्या माणसाला आतली माहिती मिळते. आपल्या पोरीवर कोणत्या नतद्रष्टाने शेरा मारला ते बघतोच.

सोमवार, ६ एप्रिल

झोका बंद पडला. शनिवारपासून पानच नाही. आखाजी तोंडावर आली आणि आताच बंद करावं? दुपारी चुकल्यासारखं झालं.

भूमिकाच्या कागदासाठी पडताळणीच्या शाखेतल्या एकाला गाठलं आहे. उद्या दाखवतो म्हणाला.

मंगळवार, ७ एप्रिल

कागद बघितला.

'संदर्भ: निरीक्षण कक्ष, लाल चिठ्ठी क्र. ११८.' सोबत जोडपत्र, माझ्या अक्षरात. घराला आग लागो. खालच्या चौकोनात 'हो', त्यावरची खूण जरा लांब ओढलेली, मी नेहमी ओढतो तशी.

तो माणूस विचारत होता, "काय झालं सर? पाणी देऊ?"

निंबावरचा तो झोका आमच्या अंगणातला होता. दोरीचा टोकाचा फास काका बांधायचे तसा, दुहेरी. पंचवीस वेळा तो फोटो बघितला असेल.

बुधवार, ८ एप्रिल

रजा टाकली. झोपून राहिलो. काकूंचे दोन फोन आले, घेतले नाहीत.

गुरुवार, ९ एप्रिल

शिल्पाताईंना डबा खाताना सगळं सांगितलं. तीन कागदांवरच्या सह्या गेल्या खड्ड्यात. म्हटलं, "ताई, वही तुमच्या हातात आहे. ११८ चा तेवढा निकाल लावा. शाई सांडली म्हणा, काहीही म्हणा."

ताई पोळी खात राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमची बहीण म्हणून काढू?"

"हो."

"मग ११७ कोणाचा भाऊ आहे?"

मला राग आला. म्हटलं, ताई, ही वेळ आहे का शिकवायची? त्या शांतपणे म्हणाल्या, "शिकवत नाही सर, सांगते. एक ओळ खोडली तर खाडाखोड म्हणून मी अडकेन, तुम्ही अडकाल आणि शेरा तसाच राहील. तुम्ही तुमचा करार वाचला आहे का? सातवं कलम? तक्रार असेल किंवा लेखी आदेश असेल, तरच नाव शोधायचं. नाही तर नाव शोधायलाच मनाई आहे. मी सहावा रकाना रिकामा ठेवते तो काय हौसेने? 'स्वतःहून' लिहिलं असतं तर आज बोलायला जागा उरली नसती."

मी करार वाचला नव्हता. खुर्ची फिरते का तेवढं बघितलं होतं.

"रिकामे किती आहेत?"

"तुमच्या खुणेचे त्रेचाळीस."

शुक्रवार, १० एप्रिल

खरं लिहितो, इथे तरी. रात्रभर विचार केला तो एवढाच, की बेचाळीस जणांची फिकीर न करता भूमिकाला सोडवायची काही वाट आहे का. नाही सापडली म्हणून दुसऱ्या वाटेला लागलो. मोठेपणा काही नाही.

रविवार, १२ एप्रिल

शिल्पाताईंच्या ओट्यावर बसून सकाळपासून त्रेचाळीस भाषांतरं नव्याने केली. कागदाला नाव दिलं 'भाषांतर दुरुस्ती'. शब्दशः तर केलंच, पण त्याखाली प्रत्येक वेळी लिहिलं की हे कोण, कोणाला, कधी म्हणतं.

चाळीसगावचा सुयश म्हणून एक मुलगा. त्याने वाचनालयाच्या गटावर लिहिलं होतं, 'रविवारी जो येनार नही तेले देखी लेसूत', म्हणजे बघून घेऊ. माझी खूण: हो. पुस्तकांना कव्हर घालायला मित्रांना बोलावत होता बिचारा. एक निवृत्त मास्तर, पेन्शन अडकली म्हणून 'तुमना दारमा मरसू' म्हणणारे. माझी खूण: हो. आणि एक बाई केळीच्या भावावरून व्यापाऱ्याला काहीतरी म्हणते. ते लेवा बोलीत, मला आजही नीट कळलं नाही. रतिलाल म्हणून शिल्पाताईंचे शेजारी यावलकडचे आहेत, त्यांना वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "अहो, ती व्यापाऱ्याला म्हणते, तूच येऊन घड उचल, तुझी कंबर मोडू दे." मी ते 'तुझी कंबर मोडू', म्हणजे आम्ही मोडू, असं लिहिलं होतं.

प्रत्येकाच्या घरी कोणीतरी जाऊन विचारलं असेल, पोरगा काय लिहितो, कोणाशी बोलतो. ट्रंकेत कोणाकोणाचं काय काय गेलं असेल. हात दुखायला लागला तरी उठवेना.

शिल्पाताईंच्या आईंनी दोनदा चहा ठेवला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "मास्तर, पेपर तपासता का?" म्हटलं, हो आजी, माझेच.

सोमवार, १३ एप्रिल

साहेबांपुढे गठ्ठा ठेवला. वर माझा जबाब: भाषांतर माझं, खूण माझी, चूक माझी. ११८ माझी चुलत बहीण आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खाली एक प्रश्न: तक्रारदार नसताना या त्रेचाळीस जणांची नावं कोणत्या आदेशाने शोधली?

साहेबांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. "मास्तर, हे दिलंत तर मी तुम्हाला ठेवू शकणार नाही."

"माहीत आहे."

"आणि बहिणीचं म्हणाल तर लोक म्हणतील, आपलं माणूस अडकलं तेव्हा जाग आली."

"खरंच तेव्हाच आली, साहेब."

त्यांनी गठ्ठा पुन्हा चाळला. वाईट माणूस नाही. म्हणाले, "वरून विचारतात लाल किती. त्यातल्या चुकीच्या किती, हे दोन वर्षांत कोणी विचारलं नाही." मग शिल्पाताईंना वही घेऊन बोलावलं. ताईंनी पान उघडून ठेवलं. सहावा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. साहेब बोट फिरवत खाली आले आणि म्हणाले, "बाई, हे मला आधी का नाही सांगितलं?"

"रोज सांगत होते साहेब. मोठ्याने."

मंगळवार, १४ एप्रिल

जयंती. सुट्टी. पिंप्राळ्यात सकाळपासून निळे झेंडे, ढोल. शिल्पाताईंकडे खीर खाल्ली. त्या पांढऱ्या साडीत होत्या, ओळखू येईनात. मी म्हटलं, ताई, कलमं वाचायची सवय कुठून लागली? त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघून हसल्या. "आमच्या घरात ती लहानपणीच लागते सर."

शुक्रवार, १७ एप्रिल

साहेबांनी स्वतःच्या सहीने आदेश काढला. सहावा रकाना रिकामा असेल तर यापुढे नाव शोधायचं नाही. ज्यांची तक्रार नाही त्या चिठ्ठ्या तीस दिवसांनी फाडायच्या. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस शेरे मागे घेतले, दोन 'विचाराधीन'. त्यातले एक पेन्शनवाले मास्तर. याचं मला फार वाईट वाटतं. शिल्पाताई म्हणाल्या, त्या दोघांचं मी रोज मोठ्याने म्हणत राहीन.

गंमत म्हणजे साहेबांनी त्या टाकीच्या ठेकेदाराला फोन करून विचारलं, तुम्हाला धमकी आली होती का? तो म्हणाला, "कसली धमकी? तो बार मला बायकोनेच म्हणून दाखवला. चार दिवस जेवताना तेच चाललं होतं."

माझा वाढवलेला करार रद्द, तीस एप्रिल शेवटचा दिवस. साहेबांनी हात मिळवला. भूमिकाच्या कागदाची नक्कल दिली, शेरा: निरंक. खिशात ठेवून शंभरदा चाचपली.

शनिवार, १८ एप्रिल

कागद बघून काकू देव्हाऱ्यापुढे बसल्या. भूमिका रडली, हसली, ट्रंक उघडली. तेव्हाच सांगायला हवं होतं असं नाही, पण मला राहवलं नाही. म्हणजे काकूंनी "मना नवल्यानी काम करं" असं शेजारी ओरडून सांगितलं, ते सहन होईना. सगळं सांगितलं. आजीचा बार, खुर्ची, चौकोन, खूण.

कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. भूमिका बुटाची नाडी हातात धरून म्हणाली, "मशीनले माहीत नही, सायबले माहीत नही. तुले तं माहीत व्हतं ना, भाऊ?"

मला माहीत होतं.

काकूंनी ताट वाढलं. आमरस, पोळी, कुरडया, सगळं. पण एखाद्या पाहुण्याला वाढावं तसं वाढलं. मला या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं, "आजून लागी का तुम्हले?" आज काकूंनी 'तुम्हले' म्हटलं.

रविवार, १९ एप्रिल. आखाजी

पहाटेच्या गाडीने निघून जायचं ठरवलं होतं. पिशवी भरली होती. पण पितरांची घागर भरायची असते आणि घरात पुरुष मी एकटा, म्हणून काकूंनी थांबवलं. आजीच्या नावाने पाणी घातलं तेव्हा डोळे भरून आले. म्हटलं, आजी, तुझ्या शिवीचं मी काय करून ठेवलं.

चार वाजता बाया नाल्याकडे निघाल्या. मी पिशवी घेऊन लांब बाभळीखाली उभा राहिलो. पल्याडच्याही जमल्या होत्या, पदर खोचून, ओच्यात ढेकळं. पण बार सुरू होईना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अल्याडच्या बाया एकमेकींकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे. गावात गोष्ट पसरायला काय वेळ लागतो? शेवंताबाई, आजीच्या जोडीला खेळलेल्या, त्या हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं, "कानवाला उभा शे. कोन बोली आते?" दोघीतिघींनी मोबाइल कमरेतून काढून पिशवीत टाकले. एवढ्या बाया आणि नुसता वारा.

मी आयुष्यात इतका लाजलो नाही. पिशवी उचलली, स्टेशनच्या रस्त्याला लागलो. वीसेक पावलं गेलो असेन, पाठीत ढेकूळ बसलं. चांगलं लागलं. वळून बघतो तर भूमिका नाल्याच्या काठावर, पायांत पळायचे बूट, पदर कमरेला, आणि आवाज, देवा, तो आवाज आजीचा:

कान लाईसन बसना नवल्या, ऐकस बठ्ठा गावनं,
मुंगी शिरो तुना कानमा, लिख भाषांतर तिना चावानं!

मग अल्याडच्या बायांत असा हशा पिकला की बाभळीवरची पाखरं उडाली. शेवंताबाईंनी दुसरं ढेकूळ मारलं. तिसरं कोणाचं बघितलं नाही. "नवल्या, तुना हातले येवो लकवा, चौकोनमा टीक करस!" "नवल्या, तुनी खुर्ची फिरो आनि तू ईहीरमा पडो!" माझ्या सात पिढ्या उद्धरल्या, नाकापासून न झालेल्या बायकोपर्यंत काही सोडलं नाही. मी पिशवी टाकून तिथेच रस्त्यात उभा होतो, रडत होतो आणि हसत होतो.

पल्याडच्या बायांना चेव आला. त्यातल्या एकीने माझं नाव उचललं आणि शिवी सुरू केली. अर्ध्यावर असतानाच कुंदाकाकू सगळ्यांच्या पुढे आल्या. हात वर केला आणि अशा ओरडल्या की नरडाण्याच्या स्टेशनात ऐकू गेलं असेल:

"ओ पल्याडन्या! तोंड आवरा! हाऊ आमना शे. येले शिव्या आम्हीच देसूत!"